एल्व्हार्गने तिसऱ्यांदा भाजलं. ड्रॅगनच्या आगीवर काही उपाय?

कोळंबीभात

मंडळी, इथे ओल्ड स्कूल रूनस्केप खेळणारं कोणी आहे का? असाल तर मदत करा, नसाल तर निदान सांत्वन करा.

२००६-०७ ला कॉलेजात असताना नाशकात एका सायबर कॅफेत हा खेळ ब्राउझरमध्ये खेळायचो. तासाचे वीस रुपये, त्यातली पाच मिनिटं जावा लोड होण्यातच जायची, आणि मागे नंबर लावून बसलेलं पोरगं दर दोन मिनिटांनी "झालं का दादा?" विचारायचं. तेव्हा ड्रॅगन स्लेअर ही क्वेस्ट अर्धवट राहिली ती राहिलीच. २००७ च्या ऑगस्टमधली खेळाची जुनी प्रत २०१३ साली पुन्हा सुरू झालीय, हे मला अगदी अलीकडे कळलं. म्हटलं, चला, राहिलेलं काम उरकून टाकू.

मेंबरशिप नाही, फुकट खातं. ३२ क्वेस्ट पॉइंट जमवले. नकाशाचे तीन तुकडे मिळवले (त्या वर्मब्रेनला तुरुंगाच्या गजांतून दहा हजार नाणी मोजली, जीव तीळतीळ तुटला). दोन हजारांना एक भोक पडलेलं जहाज घेतलं, फळ्या ठोकल्या, नेडला कप्तान केलं आणि क्रँडोर बेटावर उतरलो. तिथे एल्व्हार्ग नावाच्या ड्रॅगनने मला तीनदा मारलं.

तिन्ही वेळा तोच प्रकार. अंगावर रूनचं हेल्मेट, चेनबॉडी, प्लेटलेग्ज. हातात रूनची दोन हातांची तलवार. डिफेन्स ४५, एचपी (म्हणजे जीव) ५०. ती बया तोंड उघडते आणि एका दमात चाळीस-पंचेचाळीस जातात. स्वोर्डफिश तोंडात घालेपर्यंत पुढचा फटका, की खेळ खलास. एवढं लोखंड अंगावर चढवून उपयोग काय? डिफेन्स आणखी वाढवू, की खाणं जास्त नेऊ?

तिखटजाळ

ढाल कुठाय?

कोळंबीभात

कुठली ढाल? तलवार दोन हातांची आहे म्हटलं ना.

तिखटजाळ

(कपाळ बडवून घेणारी बाहुली)

आजीचा_बटवा

तिखटजाळ, असं नका हो करू, नवीन माणूस आहे. बरं, वीस वर्षं जुना नवीन माणूस आहे.

कोळंबीभात, तुमच्या चिलखताचा आगीशी काही संबंध नाही. रूनचं असो, कातड्याचं असो, नाहीतर गंजीफ्रॉक असो. डिफेन्स ४५ असो की ९९. चिलखत तिच्या पंज्यासाठी आणि दातांसाठी. आगीचा हिशेब वेगळ्या वहीत मांडलेला असतो. तिथे मुख्यतः एवढंच बघतात, की हातात कोणती ढाल आहे, पोटात कोणतं औषध आहे, आणि काही ड्रॅगनांच्या बाबतीत, तुम्ही किती लांब उभे आहात. तुमच्याकडे तिन्हीपैकी एकही नाही. उघड्या अंगावर आग घेतली की एका वेळी पन्नासच्या घरात जातात, आणि तुमचा एचपीच पन्नास. तिसऱ्या खेपेपर्यंत टिकलात तेच नवल.

लंब्रिजच्या किल्ल्यात जा. जिना चढून वरच्या मजल्यावर ड्यूक होराशियो उभा असतो. ड्रॅगनच्या आगीपासून वाचवणारी ढाल हवी म्हणून सांगा. अँटी-ड्रॅगन शील्ड देतो. फुकट. एक पैसा घेत नाही. हरवली तर दुसरीही देतो. खरं तर चॅम्पियन्स गिल्डच्या गिल्डमास्टरने हे तुम्हाला आधीच सांगितलेलं असणार.

कोळंबीभात

संवाद मी स्पेसबार दाबत दाबत उडवले. ऑफिसातून आल्यावर कोण वाचणार एवढं.

पण ढाल घेतली तर दोन हातांची तलवार सोडावी लागणार. मग माझा मारा कमी होणार. मग एल्व्हार्ग मरायला जास्त वेळ लागणार. मग मी जास्त आग खाणार. हे गणित कसं बसतं?

आजीचा_बटवा

गणित बरोबर आहे, पण आकडे चुकीचे घेतलेत. ढाल असली की तोच पन्नासचा फटका किरकोळ होतो. तिचे एचपी ८० आहेत, काही डोंगर नाही. एका हातात रून स्किमिटार (वाकडी तलवार), दुसऱ्यात ढाल, बाकी सगळी पिशवी स्वोर्डफिशने भरा. एक स्वोर्डफिश १४ परत देतो, म्हणजे तिची आग आणि तुमचं जेवण यांची आता बरोबरी लागते. आधी लागत नव्हती, एवढीच तुमची अडचण होती.

आणि एक. तिच्या गुहेत शिरायच्या आधी भुयारातली ती चोरवाट उघडून ठेवा, कारामजाच्या ज्वालामुखीकडे निघणारी. एकदा आतून उघडली की मेल्यावर पुन्हा जहाजाची यातायात नाही. तीन वेळा मेलात म्हणता, तर तीन वेळा जहाज दुरुस्त केलंत की काय?

कोळंबीभात

केलं. ☹️ खिळे प्रत्येक वेळी पुन्हा विकत घेतले.

सातवा_मजला

ढाल-बिल सगळं जुन्या जमान्यातलं. मेंबरशिप घ्या, सुपर अँटीफायर (आगीवरचं औषध) प्या, दोन्ही हात मोकळे ठेवा. २०१८ पासून, म्हणजे ड्रॅगन स्लेअरचा दुसरा भाग आला तेव्हापासून, मी ढालीला हात लावलेला नाही. एक घोट घ्या, नेहमीच्या ड्रॅगनाची आग शून्य. ढाल नाही, काही नाही. ब्लोपाइप नाहीतर धनुष्य घ्या नि मजा करा.

आजीचा_बटवा

त्यांचं खातं फुकट आहे. औषध मेंबरांनाच चालतं.

सातवा_मजला

म्हणूनच म्हटलं, मेंबरशिप घ्या.

आजीचा_बटवा

घरात पाणी गळतंय तर नवीन फ्लॅट घ्या, असा सल्ला झाला हा. :)

बरं, औषधांचा विषय निघालाच आहे तर नीट सांगते, म्हणजे पुढे कोणी धागा शोधत आलं तर उपयोगी पडेल. मी हर्बलोर (औषधं बनवायचं कौशल्य) ९९ केलेलं आहे, वर्षभर खलबत्ता कुटलाय, तेव्हा एवढा हक्क माझा.

साधं अँटीफायर हर्बलोर ६९ ला करता येतं. लँटाडाइमचा पाला, आणि ब्लू ड्रॅगनचे खवले खलबत्त्यात कुटून केलेली पूड. खवले टाव्हर्लीच्या गुहेत जमिनीवर पडलेले असतात, नुसते उचलायचे. एक डोस सहा मिनिटं टिकतो. हे एकटं घेतलं तर आग कमी होते, थांबत नाही. ढाल अधिक साधं अँटीफायर, दोन्ही मिळून मात्र ग्रीन, ब्लू, रेड, ब्लॅक ड्रॅगन आणि ब्राँझ, आयर्न, स्टील हे धातूवाले, यांची आग पूर्ण बंद. हा नियम पाठ करा, निम्मं काम झालं.

त्याच औषधात लाव्हा स्केलची पूड घातली की ८४ ला एक्स्टेंडेड होतं, सहाची बारा मिनिटं. सुपर अँटीफायरला ९२ लागतं आणि सुपीरिअर ड्रॅगन बोन्स कुटून घालावी लागतात. ढालीची गरज संपते, पण डोस तीनच मिनिटांचा. तेही लांबवायचं तर हर्बलोर ९८, मग सहा मिनिटं. सातवा मजला साहेब, तुमची "एक घोट घ्या नि मजा करा" ही मजा तीन मिनिटांची असते, हे सांगायचं राहिलं होतं.

सातवा_मजला

संपत आलं की चॅटबॉक्समध्ये सूचना येते. शिवाय रूनलाईटमध्ये (खेळ चालवायच्या त्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) घड्याळ लावता येतं. प्रौढ माणसाला तीन मिनिटं लक्ष ठेवता येऊ नये?

खडकवासलेकर

येत नाही. मी प्रौढ आहे आणि माझी ही सत्यकथा आहे.

ब्रिमहेवनच्या गुहेत स्टील ड्रॅगन मारायचा टास्क होता. हातात ब्लोपाइप, म्हणजे दोन्ही हात अडकलेले, ढाल नाही. भरवसा सगळा सुपर अँटीफायरवर. आता हे धातूवाले ड्रॅगन रंगीत ड्रॅगनांसारखे नाहीत. ग्रीन-ब्लू वगैरे मंडळी तुम्ही अगदी जवळ गेलात तरच आग ओकतात, लांब दगडाआड उभं राहून बाण मारले तर बिचारे नुसते बघत बसतात. स्टील ड्रॅगन लांबूनही ओकतो. उलट लांब उभे राहिलात की त्याच्याकडे दुसरं काही नसतंच, फक्त आग. म्हणून औषध चालू असेल तर लांबून स्टील ड्रॅगन म्हणजे फुकटची कमाई, एकही एचपी जात नाही. आणि औषध संपलं की तिथेच अंत्यविधी.

तर गॅसवाला आला. रिकामा सिलिंडर बाहेर काढला, भरलेला आत घेतला, सुट्ट्या पैशांवरून थोडी चर्चा झाली. परत आलो तर मी लंब्रिजला उभा.

पुढचं ऐका. मेल्यावर सामान कबरीत पंधरा मिनिटं राहतं, तेवढ्यात जाऊन उचलायचं. धावत ब्रिमहेवन गाठलं. दारात सानिबोच ८७५ नाणी मागतो, ती सुदैवाने होती. आत गेलो, तर समोर वेली. वेली तोडायला कुऱ्हाड लागते. कुऱ्हाड कबरीत. परत बँक, परत ८७५, परत वेली, आणि कबरीची वेळ संपली. शेवटी यमाच्या ऑफिसात फी भरून स्वतःचंच सामान सोडवून आणलं.

तेव्हापासून माझा नियम असा, की घरात मी एकटा असेन आणि दार वाजायची शक्यता असेल तर क्रॉसबो आणि ढाल. सोबत एक्स्टेंडेड अँटीफायर. औषध संपलं तरी ढाल असते. निदान उठून दार उघडून येईपर्यंत माणूस जिवंत राहतो.

तिखटजाळ

"यमाच्या ऑफिसात फी भरून" 😂 बाकी खडकवासलेकर यांना अनुमोदन. मी स्वतः औषध विसरतो, ढाल विसरत नाही, कारण ती हातात दिसते.

सातवा_मजला

मान्य, सिलिंडरचा मुद्दा बिनतोड आहे. पण तासाला किती ड्रॅगन मरतात ते बघा. ब्लोपाइपचा वेग क्रॉसबोला नाही. ज्याला दिवसाला तासभरच मिळतो त्याने वेग बघावा की सुरक्षा?

आजीचा_बटवा

ज्याला तासभरच मिळतो, त्याने त्यातली पंधरा मिनिटं कबरीकडे धावण्यात घालवू नयेत.

मिरजमेल

चांगला धागा. एक शंका. स्लेअर (राक्षस मारायचं कौशल्य) ७२ झालं, स्केलेटल वायव्हर्न मारायचा टास्क मिळाला. ढाल घेतली, अँटीफायर प्यायलो, अस्गार्नियाच्या बर्फाच्या गुहेत गेलो आणि पहिल्याच फुंकरीला निम्मा झालो. ढाल बिघडली का?

आजीचा_बटवा

ढाल ठणठणीत आहे हो. वायव्हर्न आग ओकतच नाही, बर्फ ओकतो. ड्यूकची ढाल तिथे चालत नाही आणि अँटीफायरही चालत नाही, दोन्ही आगीचीच. त्याला एलिमेंटल शील्ड लागते. सीअर्स व्हिलेजला एलिमेंटल वर्कशॉपची पहिली क्वेस्ट करा, तिथे स्वतः ठोकून बनवता येते. माइंड शील्डही चालते. दिसायला सांगाडा ड्रॅगनचाच म्हणून सगळेच एकदा फसतात. मीही फसलेय.

तिखटजाळ

किंवा ड्रॅगनफायर शील्ड. ती आगीलाही चालते, बर्फालाही.

मिरजमेल

ती कुठे मिळते?

तिखटजाळ

मिळत नाही, नशिबात असावी लागते. ड्रॅकोनिक व्हिसेज नावाचा ड्रॅगनचा मुखवटा आधी पडावा लागतो. स्टील ड्रॅगन, ब्लॅक ड्रॅगन वगैरेंकडून दहा हजारांत एक. मग तो ड्यूकच्या त्या फुकट ढालीवर ठोकून बसवायचा, त्याला स्मिथिंग ९०. तेवढं नसेल तर एजव्हिलचा ओझियाक साडेबारा लाख नाणी घेऊन बसवून देतो. धरायला डिफेन्स ७५. मला गंमत वाटते ती ही, की एवढी महागडी ढाल, पण तिच्या पोटात ड्यूकची फुकट ढालच असते.

तिचं वैशिष्ट्य म्हणजे ती आग नुसती अडवत नाही, साठवते. पन्नास वेळा आग शोषली की पूर्ण भरते, भरेल तशी मजबूत होते, आणि मग तीच आग तुम्ही दुसऱ्यावर सोडू शकता. ड्रॅगनला त्याच्याच आगीने भाजण्यात जे समाधान आहे ते शब्दांत सांगता येत नाही. फार नुकसान होत नाही त्याचं, पण समाधान होतं आपलं.

कोळंबीभात

धाग्याचा मालक अजून इथेच आहे, बरं का. ड्यूककडून ढाल घेतली. उद्या रविवार, उद्या जातो.

लेस्टरचा_पाव्हणा

उशिरा आलो. ढाल की औषध हा वाद वाचून एक सांगावंसं वाटलं. वरच्या लेव्हलला गेलात की अशी आग भेटते जिच्यावर दोन्हींपैकी काहीच चालत नाही.

व्होर्काथ. उंगाएल बेटावरचा, लेव्हल ७३२, एचपी ७५०. त्याची साधी आग असते, विष असलेली हिरवी असते, तुमच्या सगळ्या प्रेयर (संरक्षण देणाऱ्या प्रार्थना) विझवणारी गुलाबी असते. यांच्यासाठी आपली नेहमीची तयारी करायचीच. पण मधूनच तो मान वर करून एक गोळा आकाशात उडवतो. तो गोळा तुम्ही उभे आहात त्या चौकटीवर येऊन पडतो आणि १२१ पर्यंत नुकसान करतो. पूर्ण एचपीच ९९ असतात माणसाचे. ढाल घ्या, सुपर अँटीफायर प्या, नारळ फोडा, उपयोग शून्य. उपाय एकच, जागा सोडा. निदान दोन चौकटी सरका. एकच सरकलात तर अर्धा तरी बसतोच.

हा खेळ ०.६ सेकंदांच्या ठोक्यावर चालतो. मी लेस्टरला होतो तेव्हा इंग्लंडच्या वर्ल्डवर (म्हणजे सर्व्हरवर) हे सरकणं श्वास घेण्याइतकं सोपं होतं. दोन वर्षांपूर्वी सांगलीला परत आलो. खेळाडू तोच, सामान तेच, पण क्लिक केल्यापासून पाय हलेपर्यंत एक ठोका जास्त जायला लागला, आणि पहिल्या आठवड्यात सहा वेळा मेलो. मग सवय बदलली. गोळा हवेत दिसल्यावर हलायचं नाही, मान वर गेली की हलायचं. शिवाय उभं राहतानाच असं राहायचं की दोन्ही बाजूंना दोन चौकटी मोकळ्या असतील. वायफाय सोडून केबल लावली, त्याने फरक पडला. सात वाजता गल्लीतली सगळी पोरं मॅच बघायला बसतात तेव्हा व्होर्काथच्या वाटेला जात नाही.

आणि तो पांढरा श्वास टाकून गोठवतो आणि पिल्लू सोडतो ना, तिथे क्रंबल अनडेड हा मंत्र. आधीच निवडून ठेवा. गोठल्यावर शोधत बसलात तर पिल्लू येऊन फुटतं.

सातवा_मजला

मान वर गेली की हलायचं, हे लिहून घेतलं. मी पुण्यात असून गोळ्याचीच वाट बघत बसायचो.

खडकवासलेकर

वाचनखूण साठवली. किंग ब्लॅक ड्रॅगनबद्दलही कोणीतरी लिहा.

तिखटजाळ

त्याला तीन डोकी आणि चार प्रकारचे श्वास. साधी आग ढाल नि औषधाने थांबते. बाकीचे तीन, म्हणजे विष, गोठवणारा आणि लेव्हल खाली आणणारा, ढाल नि औषध असूनही थोडे लागतातच, तेव्हा विषावरचा उतारा घेऊन जा. त्याच्यापेक्षा त्याच्याकडे जायचा रस्ता वाईट. वाइल्डरनेसमधून जावं लागतं, जिथे दुसरे खेळाडू तुम्हाला मारू शकतात, आणि तिथली माणसं ड्रॅगनपेक्षा वाईट.

कोळंबीभात

झालं!!!

स्किमिटार, ढाल, बावीस स्वोर्डफिश. ती तोंड उघडायची, मी डोळे मिटायचो, आणि आकडा यायचा चार. एकदा नऊ. तेरा स्वोर्डफिश उरले. डोकं कापून ओझियाककडे नेलं. बायकोला बोलावून दाखवलं, ती म्हणाली, "याच्यासाठी मला भाजी आणायला पाठवलंस?" क्वेस्ट संपली तशी एकोणीस वर्षांनी रूनची प्लेटबॉडी अंगावर चढली. आजीचा_बटवा, तुमचे पाय कुठे आहेत?

आजीचा_बटवा

अभिनंदन! पाय लंब्रिजला आहेत, ड्यूकच्या शेजारी.

कोळंबीभात

(तीन दिवसांनी)

मेंबरशिप घेतली. सातवा मजला यांना श्रेय.

ग्रीन ड्रॅगनच्या कातड्यांना चांगला भाव दिसला म्हणून वाइल्डरनेसमध्ये गेलो. यावेळी सगळं शहाण्यासारखं केलं. ढाल होती. अँटीफायर प्यायलो होतो. आगीचा आकडा सलग शून्य, शून्य, शून्य. अकरा ड्रॅगन मारले. मी इतका खूश की मिनीमॅपवरचा पांढरा ठिपका (म्हणजे दुसरा खेळाडू) बघितलाच नाही. एक काळ्या झग्यातला माणूस आला, टेलिब्लॉक टाकला (म्हणजे मंत्राने पळून जाता येईना), जागेवर गोठवलं आणि चार फटक्यांत मारलं. तीन महागाच्या वस्तू राहिल्या. कातडी गेली, हाडं गेली, ढाल गेली.

ड्रॅगनने मात्र केसालाही धक्का लावला नाही, हे नोंदवून ठेवतो.

तिखटजाळ

ढाल कुठाय?

कोळंबीभात

जिना चढतोय. ड्यूक समोर दिसतोय. यावेळी स्पेसबार दाबणार नाही, पूर्ण वाचणार आहे तो काय म्हणतो ते.